परदेशी शिक्षणाचा व्हिसा : गल्ल्यातला पैसा कागदावर यायला हवा

मुंबईच्या एका व्यापारी घराण्यातला सोळा वर्षांचा मुलगा १८६० साली बोटीत बसून विलायतेला शिकायला गेला आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊन परत आला. पुढे १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले. हे बद्रुद्दीन तय्यबजी. त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन त्यांच्याही आधी विलायतेला जाऊन सॉलिसिटर झाले होते. दोघा भावांनी १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम उभी करण्यात पुढाकार घेतला. त्यांचे वालिद तय्यब अली हे सरकारी अधिकारी नव्हते की जमीनदार नव्हते. ते व्यापारी होते.

त्या काळी व्यापाऱ्याला मुलगा विलायतेला पाठवायचा तर दोन गोष्टी पुरत. हिंमत आणि पैसा. आज तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे कागद. आमच्या समाजातला दुकानदार, यंत्रमागधारक किंवा कारखानदार पहिल्या दोन गोष्टींत कमी पडत नाही. तो अडतो तिसऱ्या गोष्टीत. पैसा असतो, पण तो मालात असतो, उधारीत असतो, भिशीत असतो, बायकोच्या दागिन्यांत असतो. व्हिसा देणारा अधिकारी यातले काहीच पाहत नाही. त्याला बँकेच्या पानावर छापलेला आकडा दिसतो आणि तेवढ्यावर तो निर्णय देतो.

म्हणून या वेळी व्यापाराच्या पानावर आम्ही विद्यार्थी व्हिसाचा विषय घेतला आहे. हा शाळा-कॉलेजचा विषय वाटत असला तरी त्याचा अर्धा भाग हिशेबाच्या वहीचा आहे. प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. सगळे एका लेखात मावणार नाहीत. आम्ही इंग्लंडचे उदाहरण धरतो, कारण तिथले नियम आकड्यांत लिहिलेले आहेत आणि ते समजले की इतर देशांची वाट समजायला सोपी जाते.

सत्तर गुणांची परीक्षा

इंग्लंडने ५ ऑक्टोबर २०२० पासून विद्यार्थ्यांसाठी 'स्टुडंट रूट' नावाची नवी पद्धत सुरू केली. त्याआधीची 'टियर फोर' ही पद्धत बंद झाली. नव्या पद्धतीत ७० गुण मिळवावे लागतात. प्रवेशाचे ५०, पैशाचे १० आणि इंग्रजीचे १०. यात पासष्टला पास होण्याची सोय नाही. तिन्ही खाती पूर्ण भरली तरच व्हिसा.

प्रवेशाचे ५० गुण 'कॅस' नावाच्या क्रमांकावर मिळतात. ज्या विद्यापीठाकडे परदेशी विद्यार्थी घेण्याचा सरकारी परवाना आहे, तेच विद्यापीठ हा क्रमांक देऊ शकते. परवाना असलेल्या संस्थांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. एजंटाने दाखवलेले रंगीत माहितीपत्रक पाहण्याआधी ही यादी पाहावी. विद्यापीठाचे नुसते प्रवेशपत्र म्हणजे कॅस नव्हे. प्रवेशाच्या सर्व अटी पूर्ण झाल्या, मागितलेली आगाऊ फी भरली आणि विद्यापीठाची खात्री पटली की मग कॅस मिळतो. तो सहा महिन्यांच्या आत वापरावा लागतो आणि एकदाच वापरता येतो. ज्यांचे विद्यार्थी फार संख्येने नाकारले जातात त्या विद्यापीठाचा परवाना धोक्यात येतो. म्हणून आजकाल विद्यापीठे कॅस देण्याआधीच बँकेचे कागद मागतात आणि विद्यार्थ्याची मुलाखतही घेतात.

पदवी आणि त्यावरच्या अभ्यासक्रमासाठी इंग्रजीची पातळी 'बी टू' लागते. ती मान्य परीक्षेने सिद्ध करता येते, किंवा विद्यापीठ स्वतः तपासून तसे कॅसमध्ये लिहिते. मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुलाने याची भीती बाळगू नये, पण तयारीला वर्ष द्यावे. शेवटच्या महिन्यात शिकवणी लावून ही पातळी येत नाही.

याशिवाय सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो. तो कोणत्याही डॉक्टरचा चालत नाही. ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या दवाखान्यातच तपासणी करावी लागते आणि दाखला सहा महिने चालतो. विज्ञान व तंत्रज्ञानाच्या काही संवेदनशील विषयांसाठी 'अ‍ॅटास' नावाची वेगळी परवानगी आधी घ्यावी लागते. आपल्या विषयाला ती लागते का, हे विद्यापीठच सांगते.

एक गोष्ट आणखी. काही देशांच्या विद्यार्थ्यांना पैशाचे कागद अर्जाबरोबर द्यावे लागत नाहीत, मागितले तरच द्यायचे. त्या यादीत भारत नाही. म्हणजे आपल्या मुलाला हे कागद द्यावेच लागतात. आता त्याच खात्याकडे वळू.

अठ्ठावीस दिवसांचा हिशेब

नियम असा आहे. पहिल्या वर्षाची जी फी भरायची राहिली आहे ती, आणि राहण्या-जेवण्याचा जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा खर्च, एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असली पाहिजे. राहण्याच्या खर्चाचा आकडा सरकारच ठरवते. ११ नोव्हेंबर २०२५ पासून तो लंडनसाठी महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड असा ठरवण्यात आला. नऊ महिन्यांचे लंडनसाठी १३,७६१ आणि बाहेरसाठी १०,५३९ पौंड होतात.

समजा मालेगावच्या एका यंत्रमागधारकाच्या मुलीला लंडनबाहेरच्या विद्यापीठात एका वर्षाच्या एम. एस्सी.ला प्रवेश मिळाला. फी १८,००० पौंड. त्यातले ५,००० पौंड आगाऊ भरले आणि तशी नोंद कॅसमध्ये आली. उरली फी १३,००० पौंड. त्यात राहण्याचे १०,५३९ मिळवले की २३,५३९ पौंड होतात. हिशेबाला पौंडाचा भाव १२० रुपये धरला तर ही रक्कम २८ लाख २४ हजार ६८० रुपये. ही नुसती दाखवण्याची रक्कम झाली. व्हिसाची फी वेगळी. ती ९ एप्रिल २०२५ पासून ५२४ पौंड झाली. आरोग्य सेवेचा अधिभार ६ फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड असा ठरला. एका वर्षाच्या एम. एस्सी.चा व्हिसा अभ्यासक्रमापेक्षा काही महिने जास्त मिळतो, म्हणून दीड वर्षाचा अधिभार म्हणजे १,१६४ पौंड भरावा लागतो. हे दोन्ही मिळून त्याच भावाने दोन लाखांच्या वर जातात. दर बदलत राहतात, तेव्हा अर्ज करण्याच्या दिवशीचा दर सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यावा.

आता अठ्ठावीस दिवसांचा अर्थ नीट समजून घ्या. एकही दिवस, एका दिवसातही थोडा वेळ, शिल्लक लागणाऱ्या रकमेच्या खाली गेली की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. सव्वीसाव्या दिवशी सूतवाल्याचा धनादेश वटला आणि शिल्लक पाच हजारांनी कमी झाली, पुढच्याच दिवशी ती भरून काढली, तरी अर्ज नाकारला जातो. अधिकारी सरासरी काढत नाही. सर्वांत कमी आकडा पाहतो. शिवाय बँकेच्या उताऱ्यावरची शेवटची तारीख अर्जाच्या दिवसापासून ३१ दिवसांपेक्षा जुनी चालत नाही.

पौंडाच्या भावाचाही फटका बसतो. अधिकारी अर्जाच्या तारखेचा भाव धरतो. आपण महिनाभर आधी जो भाव धरून पैसे ठेवले त्यापेक्षा पौंड दोन रुपयांनी महाग झाला तर वरच्या उदाहरणात सत्तेचाळीस हजारांची तूट येते. म्हणून आमचा सल्ला असा की रक्कम लागते त्यापेक्षा निदान दहा टक्के जास्त ठेवावी आणि २८ च्या जागी ३५ दिवस ठेवावी. व्यापारी माणूस माल मागवताना तुटीची सोय करतोच, तशीच ही.

कोणता पैसा चालतो, कोणता नाही

पैसा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या अथवा कायदेशीर पालकाच्या खात्यात हवा. आमच्या एकत्र कुटुंबांची अडचण इथेच होते. धंदा मोठ्या चाचांच्या नावावर असतो, पैसा मामूंच्या खात्यात असतो, आखातातला मोठा भाऊ खर्च उचलणार असतो. घरात याला कोणाची हरकत नसते. पण नियमात चाचा, मामू आणि भाऊ बसत नाहीत. त्यांना मदत करायची असेल तर त्यांनी पैसा आधीच मुलाच्या किंवा वडिलांच्या खात्यात बँकेमार्फत द्यावा आणि तो खरोखरच शिक्षणासाठी दिलेला असावा.

आई-वडिलांच्या खात्याचा आधार घेतला तर दोन कागद जोडावे लागतात. नात्याचा पुरावा म्हणून जन्माचा दाखला, आणि हा पैसा मुलाच्या शिक्षणासाठी वापरायला आमची संमती आहे असे त्यांचे सहीचे पत्र.

बचत खात्यातला पैसा चालतो. हवी तेव्हा मोडता येणारी मुदत ठेव चालते. शेअर, रोखे, क्रेडिट कार्डाची मर्यादा, ओव्हरड्राफ्ट आणि निवृत्तिवेतन निधी चालत नाही. सोने, घर, गाळा, यंत्र, गोदामातला माल यांची किंमत कितीही असो, ती मोजली जात नाही. भिशी तर कोणाच्याच हिशेबात नाही. दुकानाच्या चालू खात्यावर प्रश्न उभे राहतात, कारण तो पैसा मुलाचा की धंद्याच्या देण्याचा, हे कळत नाही. वैयक्तिक बचत खाते हाच सुरक्षित मार्ग.

बँकेचीही निवड करावी. बँक अधिकृत नियामकाच्या देखरेखीखाली असावी, तिचे हिशेब संगणकावर असावेत आणि ब्रिटिश अधिकाऱ्याला तिच्याकडून खातरजमा करता यावी, अशी अट आहे. गावातल्या पतसंस्थेत वर्षानुवर्षे ठेवलेले पैसे सुरक्षित असतीलही, पण हातभर लिहिलेल्या पासबुकावर भरवसा ठेवून अर्ज करू नये. निदान सहा महिने आधी पैसा मोठ्या राष्ट्रीयीकृत किंवा शेड्यूल्ड बँकेत आणावा.

इंग्लंडच्या नियमांत प्राप्तिकराचे विवरणपत्र थेट मागितलेले नाही. पण वर्षभर खात्यात वीस हजारांच्या वर शिल्लक न दिसणाऱ्या माणसाकडे एका दिवसात अठ्ठावीस लाख आले, तर कोणालाही शंका येणारच. पैसा कुठून आला हे अधिकारी विचारू शकतो. जमीन विकली असेल तर खरेदीखत, सोने विकले असेल तर सराफाची पावती, मुदत ठेव मोडली असेल तर बँकेचा कागद जपून ठेवावा. ज्याचे विवरणपत्र दरवर्षी खऱ्या उत्पन्नाचे भरलेले आहे, त्याला उत्तर द्यायला एक मिनिट लागतो. कर वाचवण्यासाठी ज्याने उत्पन्न कमी दाखवले, त्याला मुलाच्या व्हिसाच्या वेळी आपणच लिहिलेला कागद आडवा येतो.

नावांचा घोळ

पैशानंतर आमच्या लोकांना सर्वांत जास्त त्रास देते ती नावाची स्पेलिंग. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव 'मोहम्मद', आधारवर 'मोहम्मेद', बँकेत 'मोहद.' आणि जन्माच्या दाखल्यावर नुसते 'महंमद'. कुठे 'शेख' आधी, कुठे शेवटी. कुठे आडनाव गावावरून, कुठे धंद्यावरून, कुठे मुळीच नाही. आम्हाला ही सारी एकाच माणसाची नावे आहेत हे ठाऊक असते. साता समुद्रापलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याला ते चार वेगवेगळे इसम वाटतात. जन्मदाखल्यावरचे वडील आणि बँक खात्याचा मालक एकच आहेत हे सिद्ध झाले नाही तर खात्यातला पैसा असून नसल्यासारखा.

यावर उपाय एकच. मुलगा आठवी-नववीत असतानाच घरातले सगळे कागद एका जागी मांडावेत आणि गुणपत्रिका व पारपत्र यांना प्रमाण धरून बाकीचे सुधारून घ्यावेत. नाव पूर्ण बदलायचे असेल तर प्रतिज्ञापत्रावर थांबू नये. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी करून घ्यावी. जन्माची नोंदच झालेली नसेल तर एक वर्षानंतर ती दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही आणि त्याला महिने लागतात. अनेकांच्या दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी असते. नगरपालिकेत जाऊन ती भरून घ्यावी.

दाखला मराठीत किंवा उर्दूत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. भाषांतर अचूक असल्याचे विधान, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा पत्ता त्यावर हवा. शेजारच्या शिकलेल्या मुलाने टंकून दिलेला कागद यासाठी उपयोगाचा नाही.

भाड्याचा पैसा

अठ्ठावीस दिवसांच्या नियमातून एक नवा धंदा निघाला आहे. आमच्या बाजारांतही तो पोहोचला आहे. महिनाभर तुमच्या खात्यात रक्कम ठेवतो, त्यावर इतके टक्के द्या, व्हिसा झाला की रक्कम परत. कोणी बँकेचा उताराच बनवून देतो. अडलेला बाप म्हणतो, सगळेच करतात, आपणही करू.

आम्ही इथे स्पष्ट लिहितो. यात दोन गुन्हे एकदम होतात. महिनाभरासाठी रक्कम घेऊन त्यावर टक्के देणे हे उघड व्याज आहे, त्याला 'सर्व्हिस चार्ज' म्हटल्याने तो व्यवहार हलाल होत नाही. आणि जो पैसा आपला नाही तो आपला म्हणून दाखवणे ही खोटी साक्ष आहे.

दुनियेच्या हिशेबानेही हा तोट्याचा सौदा आहे. खोटे कागद किंवा खोटी माहिती आढळली तर इंग्लंडच्या नियमांनुसार दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी येऊ शकते. ही नोंद मुलाच्या नावावर राहते, एजंटाच्या नाही. पुढे दुसऱ्या कोणत्याही देशाचा अर्ज भरताना 'आजवर कधी व्हिसा नाकारला गेला आहे का' हा प्रश्न असतो आणि त्याला खरे उत्तर द्यावे लागते. बावीस वर्षांच्या मुलाला बत्तीस वर्षांपर्यंत बाहेर ठेवणारा हा सौदा बापाने महिनाभराच्या भाड्यात केलेला असतो. आणि ज्यांनी खरोखर पैसा भाड्याने घेतला त्यांचेही पुढे काय होते? व्हिसा मिळतो, रक्कम परत जाते, आणि मुलगा परमुलखात फी आणि भाडे भरण्यासाठी रिकाम्या हाताने उभा राहतो. अठ्ठावीस दिवसांचा नियम मुलगा उपाशी राहू नये म्हणून आहे, ही गोष्ट आपण विसरतो.

तीच गोष्ट फी भरण्याची. रोख घेऊन 'तिकडे परस्पर भरतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. हवाल्याने पाठवलेला पैसा परकीय चलन कायद्याचा भंग आहे आणि त्याचा कागदही हातात राहत नाही. बँकेमार्फत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. १ एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर उगमस्थानी कर घेतला जात नाही. त्यावरच्या रकमेवर जो घेतला जातो तो विवरणपत्र भरणाऱ्याच्या खात्यात जमा धरला जातो. म्हणजे तो बुडीत नाही.

व्याजाशिवाय वाट आहे का?

आमच्याकडे येणाऱ्या बांधवांचा हा पहिला प्रश्न असतो. बँकेचे शैक्षणिक कर्ज व्हिसासाठी चालते. ते मान्य वित्तसंस्थेच्या शैक्षणिक योजनेतले आणि विद्यार्थ्याच्या नावे हवे. त्याला अठ्ठावीस दिवसांची अटही लागू होत नाही, म्हणून एजंट तोच मार्ग सुचवतात. पण त्यावर व्याज आहे. केंद्र सरकारची 'पढो परदेश' ही अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची व्याज सवलतीची योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तिचे नाव घेऊन कोणी पैसे मागत असेल तर सावध राहावे.

व्याज टाळू इच्छिणाऱ्यांपुढे तीन वाटा आहेत. पहिली, शिष्यवृत्ती. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासाचा खर्च उचलते, मात्र तिला कामाचा अनुभव लागतो. कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती आहे, विद्यापीठांच्या स्वतःच्याही आहेत. अशा अधिकृत शिष्यवृत्तीने फी आणि राहणे दोन्ही उचलले तर तिच्या पत्रावरच पैशाचे दहा गुण मिळतात.

दुसरी वाट कर्ज-ए-हसनाची. जमातीतल्या किंवा नात्यातल्या सधन माणसाने बिनव्याजी रक्कम द्यावी, मुलाच्या किंवा बापाच्या खात्यात बँकेमार्फत द्यावी, आणि ती शिक्षण संपेपर्यंत खरोखर वापरू द्यावी. भाड्याच्या पैशात आणि यात हाच फरक आहे. मात्र ती लिहून द्यावी-घ्यावी. सूरह बकरामधली कुरआनची सर्वांत लांब आयत कर्जाचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. आपण ती तिलावत करतो आणि भावाला लाखो रुपये तोंडी देतो. लेखी करार नात्यातली कटुताही टाळतो आणि पैसा कुठून आला याचा पुरावाही होतो.

तिसरी वाट दुसऱ्या देशाची. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिक्षण फी नाही, फक्त सहामाहीचे किरकोळ शुल्क असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र सहामाहीला १,५०० युरो घेतात. व्हिसासाठी वर्षाचा राहण्याचा खर्च एका बंद खात्यात ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो ठरली. तिथे गेल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो मुलाला मिळतात. तो पैसा त्याच्याच पोटासाठी वापरला जातो. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून 'एपीएस' हा कागद-पडताळणीचा दाखलाही आधी घ्यावा लागतो. इंग्लंडच्या अठ्ठावीस लाखांपुढे हा आकडा बराच कमी आहे. जर्मन भाषा शिकण्याचे कष्ट मात्र वेगळे.

अमेरिकेचा प्रकार निराळा. तिथे मुलाखत हीच परीक्षा. अर्जदार तिथेच राहण्याच्या बेताने येतो आहे असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नाही हे मुलाला पटवून द्यावे लागते. तिथे मात्र बापाचे दुकान, गाळा, शेती आणि चालता धंदा कामाला येतो, कारण परत येण्यासारखे घरी काही आहे हे त्यातून दिसते. तिथेही कागद लागतोच.

तिथे दुकान मांडता येत नाही

व्यापाऱ्याच्या मुलाला बाजार दिसला की हात शिवशिवतात. म्हणून सांगतो, इंग्लंडमधल्या विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही. पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते, सुट्टीत पूर्णवेळ. पण इथून कपडे नेऊन विकणे, घरबसल्या माल पाठवणे किंवा स्वतंत्र कामगार म्हणून पार्सले पोहोचवणे हे सारे स्वयंरोजगारात मोडते आणि नियमभंग ठरते. वीस तासांच्या कमाईवर फी निघेल हे एजंटाचे गणितही धरू नये.

नुकताच निकाह झालेल्या मुलानेही लक्षात घ्यावे. १ जानेवारी २०२४ पासून नेहमीच्या एम. ए., एम. एस्सी., एम. बी. ए.च्या विद्यार्थ्याला पत्नी व मुले बरोबर नेता येत नाहीत. पीएच. डी. वगैरे संशोधनाचे अभ्यासक्रम आणि सरकारी शिष्यवृत्तीचे विद्यार्थी यांनाच ती मुभा राहिली. शिक्षण संपल्यावर काम शोधण्यासाठी दोन वर्षे राहता येते, पण १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना ही मुदत दीड वर्षच ठरवली आहे. पीएच. डी.ला तीन वर्षे. हे सर्व आधी घरात बसून बोलावे, विमानतळावर नव्हे.

तयारी कधीपासून?

इंग्लंडची मुख्य सत्रे सप्टेंबरमध्ये सुरू होतात. अर्ज सत्राच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. अर्ज संगणकावर भरून मुंबई-पुण्यासारख्या शहरातल्या केंद्रात बोटांचे ठसे द्यावे लागतात. यावरून मागे मोजत यावे.

सत्राच्या दोन वर्षे आधी : नावे आणि जन्मदाखले दुरुस्त करावेत, पारपत्र काढावे, वैयक्तिक बचत खाते उघडून त्यात दरमहा रक्कम टाकायला लागावे, विवरणपत्र खरे भरावे.

एक वर्ष आधी : इंग्रजीची तयारी, विद्यापीठांची निवड, शिष्यवृत्तीचे अर्ज. एजंटाला बहुधा विद्यापीठाकडून दलाली मिळते, म्हणून त्याची सेवा फुकट असली तरी सल्ला तटस्थ असेलच असे नाही. मुलाने विद्यापीठाशी स्वतः पत्रव्यवहार करावा.

चार महिने आधी : पैसा एका खात्यात आणावा. २०२६ चा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला आणि तो दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो. म्हणजे येत्या काही वर्षांत ईदच्या विक्रीचा पैसा उन्हाळ्यापूर्वीच हातात येईल. घाऊक व्यापाऱ्यांची देणी भागवून जे उरेल ते नव्या मालात घालण्याआधी मुलाच्या खात्यात बाजूला काढावे. मे-जूनमध्ये ३५ दिवस त्याला हात लावू नये.

दोन महिने आधी : कॅस, क्षयाचा दाखला, भाषांतरे, संमतीपत्र, बँकेचा उतारा आणि मग अर्ज. मुलाखतीत हा अभ्यासक्रम का, हेच विद्यापीठ का, पैसा कोणाचा, असे साधे प्रश्न येतात. एजंटाने पाठ करून दिलेली उत्तरे लगेच ओळखू येतात. ज्या मुलाला आपल्या बापाचा धंदा काय आणि फी किती हे ठाऊक आहे, त्याला पाठांतर लागत नाही.

एवढे करूनही अर्ज नाकारला गेला तर आरोग्य अधिभार परत मिळतो, अर्जाची फी मिळत नाही. अधिकाऱ्याची चूक असेल तर २८ दिवसांच्या आत फेरतपासणी मागता येते. चूक आपली असेल तर ती सुधारून, खरे सांगून, नवा अर्ज करावा. प्रामाणिक नकार हा डाग नाही.

शेवटी एक गोष्ट. प्रत्येक मुलाने इंग्लंडलाच गेले पाहिजे असे आमचे म्हणणे नाही. आपल्या देशात उत्तम विद्यापीठे आहेत आणि त्यांना अठ्ठावीस लाख लागत नाहीत. पण ज्या घरात मुलीची किंवा मुलाची कुवत आहे, पैसाही आहे, तिथे केवळ वही नीट न ठेवल्यामुळे दार बंद व्हावे ही वाईट गोष्ट आहे. तय्यब अलींनी दीडशे वर्षांपूर्वी बोटीचे भाडे मोजले. आजच्या बापाने दर महिन्याला बँकेत जाऊन पावती घ्यायची आहे. दुकान बंद केल्यावर आज रात्रीच घरातले जन्मदाखले आणि पासबुके काढून एकेका नावाची स्पेलिंग तपासावी, सुरुवात तिथून होईल. पुढचे इन्शा अल्लाह सोपे जाईल.